मोरीमागचे खवय्ये

रत्नागिरीत कोणाकडे माती मागणं ही साधी गोष्ट नाही. घाटावरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. त्याच्याकडे वीतभर उकरलं की काळी माती निघते, आमच्याकडे वीतभर उकरलं की कुदळीतून ठिणगी निघते. खाली जांभा, वर कातळ, आणि त्यावर कुठेकुठे जे तांबडं साचलेलं असतं त्याला आम्ही जमीन म्हणतो. हापूसचं कलम लावायचं तर आधी सुरुंगाने कातळात खड्डा पाडायचा, बाहेरून माती आणून तो भरायचा, आणि जून लागला की वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा आमचा पाऊस तीच माती शेजाऱ्याच्या आगरात कशी नेऊन टाकतो हे पडवीत बसून बघायचं. मातीवरून इथे सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आहेत. त्यामुळे पुतणी जेव्हा म्हणाली, "काका, मला थोडी माती हवी होती," तेव्हा मी सवयीने विचारलं, "किती ब्रास?"

"दहा ग्रॅम."

एवढी तर पावसाळ्यात चपलेला लागून घरात येते. मी उदारपणे होकार दिला. पण तिचं पुढचं वाक्य जास्त अवघड होतं.

"वाट्टेल ती नको हं. घरातली सगळ्यांत ओशट जागा कुठली?"

इथे आईने हातातला पेपर खाली ठेवला.

"काय गो, आमच्या घरात ओशट जागा तुला दिसली तरी कुठे?"

पुतणी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. तिचा प्रकल्प असा, की मातीतून चरबी फोडणारं विकर तयार करणारे जीवाणू शोधायचे आणि एकेकाला वेगळं काढायचं. त्या विकराचं नाव लायपेज. आता असले जीवाणू भेटणार कुठे, तर जिथे वर्षानुवर्षं तेल-तूप सांडत आलंय तिथे. म्हणून ही मुलं तेलाच्या घाण्यामागे जातात, वडे तळणाऱ्याच्या गाडीखाली वाकून बघतात, मिरकरवाड्याला बंदरावर जिथे तारल्या-बांगड्यांच्या टोपल्या उपसतात तिथली ओली रेती पिशवीत भरतात. आणि ज्यांना आजी आहे ते आजीच्या घरामागे येतात. जुन्या कोकणी घरात मोरीचं पाणी गटारात जात नाही. पन्हळीतून परसात जातं आणि आळवाच्या नाहीतर केळीच्या बुंध्याशी मुरतं. आमच्या केळीने लग्नापासूनचं आईचं सगळं स्वयंपाकघर असं पाण्यातून प्यायलेलं आहे.

हे सगळं शास्त्रशुद्ध होतं, पण आईला ते तिच्या भांडी घासण्यावरचा शेरा वाटला. काथ्या आणि चुलीतली राख घेऊन तिने आयुष्यभर तारल्यांचं कालवण शिजलेली पातेली अशी घासली आहेत की त्यांत तोंड दिसावं. "आमच्या मोरीत ओशट काही राहत नाही," ती म्हणाली, "हवं तर समोरच्यांकडे जा." समोरच्यांचं नाव ऐकून पुतणीने शहाणपणा केला. ती म्हणाली, "आजी, पातेल्यातलं तेल निघालं ते गेलं कुठे? केळीत गेलं ना? मग केळीखाली ते साठून डबकं का नाही झालं? कोणीतरी खाल्लंच असणार. त्याला शोधायला आलेय मी."

आई गप्प झाली. इतक्या वर्षांत हा हिशेब तिला कोणी विचारला नव्हता, आणि हिशेबात न लागलेली गोष्ट तिला रात्री झोपू देत नाही. ती स्वतः उठून परसात गेली आणि पन्हळीच्या तोंडाखाली बोट दाखवून म्हणाली, "इथून घे. इथे पाणी पहिलं पडतं."

पुतणीने वरचा पाचोळा दूर केला, निर्जंतुक केलेल्या चमच्याने चार बोटं खालची माती पिशवीत भरली आणि पिशवीवर तारीख, जागा, वेळ लिहिली. आमच्या घरातून याआधी इतक्या व्यवस्थित नोंदीने कुठलीही वस्तू बाहेर गेलेली नाही. दागिनेसुद्धा.

*

चरबी खाणारे जीवाणू, ही बातमी आमच्या आळीत फुटायला संध्याकाळही लागली नाही, आणि त्यानंतर भेटेल तो माणूस पोटावरून हात फिरवत एकच प्रश्न विचारू लागला. शेजारचे आप्पा तर थेट औषधाची मात्राच विचारायला आले. "सकाळी अनशापोटी घ्यायचं की जेवणानंतर?"

त्यांची निराशा करणं पुतणीच्या जिवावर आलं, पण खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलचा आखूड कणा आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. हा रेणू आहे तसा आतड्याच्या भिंतीतून आत शिरू शकत नाही. लायपेजने साखळ्या तोडल्या की मगच तो अंगी लागतो. आपल्या पोटात हे काम स्वादुपिंडाचं लायपेज करतं. फ्रान्सच्या क्लोद बर्नारने १८४०च्या दशकात हे सशांवर पाहिलं. सशाच्या स्वादुपिंडाची नळी आतड्यात बरीच खाली उघडते, आणि चरबी खाल्लेल्या सशाच्या आतड्याभोवतीच्या वाहिन्या त्या नळीच्या खालीच दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या दिसत होत्या, वर नाही. म्हणजे चरबीचं पचन स्वादुपिंडाच्या रसाने होतं. आप्पांनी जास्तीचं लायपेज पोटात घालून वडे खाल्ले तर त्यांतलं तेल वाया जाण्याची उरलीसुरली शक्यताही संपेल.

वजन उतरवण्यासाठी औषधवाल्यांनी काय केलं, तर लायपेजलाच थोपवणारं ऑरलिस्टॅट काढलं. त्याने खाल्लेल्या चरबीचा एक हिस्सा न पचताच बाहेर जातो, आणि तो बाहेर जातो हे घेणाऱ्याला चारचौघांत कळण्याची भीती असते. गंमत म्हणजे ऑरलिस्टॅट ज्या पदार्थापासून बनवलं तो लिपस्टॅटिनसुद्धा मातीतल्याच एका जीवाणूने दिला, स्ट्रेप्टोमायसिस टॉक्सिट्रिसिनी त्याचं नाव. मातीत चरबी फोडणारेही आहेत आणि फोडणाऱ्याला अडवणारेही. आळीतली सगळी माणसं मातीतही आहेत, हे ऐकून आप्पांना आश्चर्य वाटलं नाही. ते फक्त म्हणाले, "मग मी चालणंच चालू ठेवतो," आणि बसून राहिले.

मला स्वतःला मात्र दुसऱ्याच गोष्टीने भुरळ घातली. तेलाचा थेंब जीवाणूपेक्षा कितीतरी मोठा, आणि जीवाणूला तोंड नाही. मग तो जेवतो कसा? तो लायपेज बाहेर सोडतो. थेंबावर काम बाहेरच होतं, साखळ्या बाहेरच सुटतात, आणि सुटलेलं तेवढं तो आत ओढतो. आधी पचवायचं, मग खायचं. यात एक व्यावहारिक धोका आहे. उघड्यावर पचवलेलं अन्न शेजाऱ्यालाही मिळतं, आणि मातीत काही काम न करता त्यावर जगणारे ऐतखाऊ भरपूर असतात. पुतणीचा निम्मा प्रकल्प या कमावत्यांना आणि ऐतखाऊंना वेगळं करण्याचाच होता.

*

एक ग्रॅम मातीत जीवाणू कोट्यवधी असतात, कधीकधी शंभर कोटींच्या घरात. एवढी गर्दी एकदम ताटलीत ओतली तर एकमेकांच्या अंगावर वाढून नुसता साका होतो. म्हणून एक ग्रॅम माती नऊ मिलिलिटर मिठाच्या पाण्यात ढवळायची, त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नऊ मिलिलिटरमध्ये, त्यातलं एक पुढच्यात. गणपतीत पाहुणे येत राहतात आणि पातेल्यातली आमटी तीच असते, तेव्हा घरची बाई जे करते तेच. सहाव्या नळीपर्यंत मूळ माती दहा लाख पट पातळ झालेली असते. आमटीला ही पातळी झेपणार नाही, पण जीवाणूंचं यात भलं होतं. एकेकटा पडतो, आणि जिथे पडतो तिथे त्याचा एक ठिपका उगवतो. त्या ठिपक्यातले सगळे त्याचेच वंशज.

ताटलीतलं माध्यम घट्ट करायला वापरतात तो अगार म्हणजे आपल्या किराणा दुकानातला चायना ग्रास. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेतले लोक आधी जिलेटिन वापरत. ते उन्हाळ्यात वितळे, आणि काही जीवाणू तर तेच खाऊन टाकत. तिथल्या वॉल्टर हेसे यांनी १८८१ साली घरी बायकोला विचारलं, की तुझी जेली उन्हाळ्यात कशी टिकते? फॅनीबाईंनी सांगितलं, अगार घालते म्हणून. जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजारणीकडून त्या ते शिकल्या होत्या. कॉखने पुढच्याच वर्षी क्षयाच्या जीवाणूवरच्या निबंधात अगारचा उल्लेख केला. फॅनीबाईंचा केला नाही. आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिला त्यात नवीन काही वाटलं नाही. "नाव घेतात कधी?" एवढंच म्हणाली आणि मोदकाचं सारण ढवळत राहिली.

माध्यम निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लागतो. पंधरा पौंड दाब, १२१ अंश, पंधरा-वीस मिनिटं. घरच्या कुकरचंही काम जवळपास याच दाबावर चालतं, आणि लहान प्रयोगशाळांत कुकर अगदी मानाने वावरतो. शिट्ट्या मात्र मोजत नाहीत.

या अगारात ट्रायब्युटिरिन नावाचं एक साधं मेद मिसळतात. लोण्यातही असतं ते. ते घोटून एकजीव केलं की अख्खी ताटली ताकासारखी गढूळ होते. मग पातळ केलेल्या मातीचा थेंब वर पसरायचा, ताटली उलटी करून उबदार पेटीत ठेवायची आणि घरी जाऊन झोपायचं. सकाळी ठिपके उगवलेले असतात. बहुतेक ठिपक्यांभोवती काही नाही. एखाद्याभोवती मात्र गढूळपणा नाहीसा होऊन स्वच्छ पारदर्शक कडं पडलेलं असतं. त्या ठिपक्याने लायपेज बाहेर सोडलं आणि आसपासचं मेद फोडून टाकलं. यंत्र नाही, आकडे नाहीत, पडदा नाही, नुसत्या डोळ्याला दिसतं. वासही येतो. सुटलेलं ब्युटिरिक आम्ल म्हणजे खवट लोण्याचा वास, आणि तो ओढणीला घरी घेऊन येण्यावरून वहिनी आणि पुतणी यांच्यात रोज बोलणं होत असे.

पहिलं कडं दिसलं तेव्हा पुतणीने त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. एका मावशीने "किती सुंदर! आरोग्यास जपा" असं लिहिलं. मुंबईच्या काकांनी हात जोडले. कोणीतरी विचारलं, हे खग्रास की कंकणाकृती? ठाण्याच्या आत्याने डॉक्टरांचा नंबर पाठवला. तरी त्या मुलीच्या आवाजात त्या दिवशी जे काही होतं ते मी फोनवर ऐकलंय. मातीला एक प्रश्न विचारला होता, आणि मातीने स्वच्छ अक्षरात हो म्हटलं होतं.

हे हो मात्र पक्कं नसतं. ट्रायब्युटिरिनच्या साखळ्या अगदी आखूड. तो सोपा घास आहे. खरं लायपेज नसलेली, आखूड साखळ्यांपुरतीच चालणारी विकरंही तो फोडतात. म्हणून दुसरी परीक्षा ऑलिव्ह तेलाची. त्यात ऱ्होडामीन बी नावाचा रंग घालतात आणि ताटली अतिनील दिव्याखाली धरतात. लांब साखळ्या तुटल्या असतील तर ठिपक्याभोवती नारिंगी प्रकाश दिसतो. १९८७ साली ही पद्धत आली आणि आजही जगभर वापरतात. पण नारळाच्या गावात जंतूंना ऑलिव्ह तेल, तेही त्या किमतीचं, हे आईला पटेना. "आपल्या खोबरेलाने त्यांच्या पोटात दुखतं का?" खरं तर प्रश्न बरोबर होता. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आमचं खोबरेल खाल्लं त्यांची परीक्षा इटलीच्या तेलावर का घ्यावी? पुतणीने खोबरेलाच्याही ताटल्या केल्या. अडचण एवढीच आली, की खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं, आणि प्रयोगशाळेतला एसी कोणीतरी अठरावर लावून ठेवलेला होता.

*

आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी प्रकल्पाचं नाव ऐकलं आणि हसले. "अरे, हे तर सगळेच करतात. तेलघाण्याची माती, ट्रायब्युटिरिन, कडं, ग्रॅम रंजन, आणि शेवटी निघतो बॅसिलस. नाहीतर स्यूडोमोनास. यात नवीन काय?"

त्यांचं खरं आहे. देशभरच्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत या विषयाचे प्रबंध काळ्या कापडी बांधणीत ओळीने उभे आहेत. प्रत्येकाची प्रस्तावना लायपेज किती महत्त्वाचं आहे इथून सुरू होते आणि शेवटी ऋणनिर्देशात आईवडिलांचे आणि लॅब असिस्टंटचे आभार असतात. त्यांना हसणं सोपं आहे. मला मात्र हसू येत नाही. हा प्रयोग सगळे करतात कारण तो स्वस्त आहे, कारण त्याला लागणारी माती प्रत्येक गावात आहे, आणि कारण त्याचं उत्तर पोरांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. महागड्या यंत्रात नमुना टाकून दुसऱ्या खोलीतून आलेला छापील आलेख हातात घेणं वेगळं, आणि आपल्या आजीच्या मोरीतला एक जीव ताटलीत आपलं काम दाखवतोय हे बघणं वेगळं. शिवाय नवीन काय हा प्रश्न मातीला विचारणंही जरा धाडसाचंच. मातीतले बहुसंख्य जीवाणू आपल्या ताटलीला तोंडच लावत नाहीत. शंभरातला एखादाच तिच्यावर वाढतो. बाकीचे कोण, काय खातात, कसे राहतात, ते अजून निमंत्रणं नाकारून बसलेले आहेत.

आणि नवलाईच हवी असेल तर ती १९०१ सालीच होऊन गेली. जीवाणू लायपेज करतात हे दाखवणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक म्हणजे नेदरलँड्सचे क्रिस्टियान आइकमन. भाताच्या माणसाने हे नाव लक्षात ठेवावं असं आहे. त्याआधी ते जावा बेटावर बेरीबेरीच्या रोगाचं कारण शोधत होते. त्यांच्या कोंबड्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढरा शुभ्र भात घालत, आणि कोंबड्यांचे पाय लुळे पडले. पुढे आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने लष्करी तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला साफ नकार दिला. मग त्यांना स्वस्तातला, कोंडा असलेला तांदूळ मिळू लागला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. त्या आचाऱ्याच्या चिकटपणातून पुढे जीवनसत्त्वांची वाट सापडली आणि आइकमन यांना १९२९चं नोबेल पारितोषिक मिळालं. मला तो आचारी रत्नागिरीकडचा वाटतो. आमच्याकडे पेजेला उकडा तांदूळ लागतो, त्यात ते जीवनसत्त्व बऱ्यापैकी शिल्लक राहतं, आणि दुसऱ्याच्या खात्यातला तांदूळ आपल्या कोंबड्यांना न घालण्याइतका हिशेबीपणाही इथे घरोघर आहे.

वहिनीची तक्रार वेगळी. एवढं शिकून पोरगी मोरीची माती उकरते. तेव्हा मी तिला कमला सोहोनींची आठवण करून दिली. १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून आधी नाकारलं, मग वर्षभराच्या अटीवर घेतलं. १९३९ साली त्या केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आल्या. तिथे त्यांनी बटाटा अभ्यासला, इकडे आल्यावर कडधान्यं आणि नीरा. म्हणजे सगळं स्वयंपाकघरातलं आणि परसातलं. वहिनी म्हणाली, "नीरा चालली असती हो. निदान वास तरी बरा."

*

आता उपयोग. हा प्रश्न कोकणात दुसऱ्या कपाच्या आत येतोच. कपड्यांच्या पावडरीत लायपेज असतं. १९८८ साली डेन्मार्कच्या नोवो कंपनीने एका बुरशीचं जनुक दुसऱ्या बुरशीत घालून ते मोठ्या प्रमाणावर काढलं, आणि गार पाण्यात तुपाचे डाग निघू लागले. पुढे जीवाणूंची लायपेजंही पावडरीत आली. चीजला चव आणायला, चामड्याची चरबी काढायला, तेलापासून डिझेल बनवायला लायपेज लागतं. सांडपाण्यातल्या तेलाचं काय करायचं हा तर सगळ्या शहरांपुढचा प्रश्न आहे. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपलच्या रस्त्याखाली गटारात चरबीचा एक गोळा सापडला. अडीचशे मीटर लांब, एकशेतीस टन वजनाचा. तो फोडायला आठवडेच्या आठवडे लागले, आणि त्याचा एक तुकडा तिथल्या संग्रहालयात काचेच्या पेटीत मांडला. लोक रांगा लावून बघून गेले. आईने हे नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्याकडे केळी नाहीत का लावत?"

गॅरेजमागची काळी तेलकट माती मात्र या कामाला उपयोगी नाही, हेही सांगायला हवं, कारण आप्पांनी उत्साहाने ती डबाभर आणून दिली. ते खनिज तेल. त्याचा आणि चरबीचा रेणू वेगळा, आणि ते खाणाऱ्यांची बिरादरीही वेगळी. त्यासाठी आनंद चक्रवर्तींचा जीवाणू प्रसिद्ध आहे. त्याच्या पेटंटचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० साली जिवंत जीवाचंही पेटंट घेता येतं असा निकाल लागला. आप्पांना निकालात रस होता, कारण त्यांच्याही जमिनीची तारीख जवळ आली होती.

लायपेजचे अपकारही आहेत, आणि ते आम्ही शास्त्राआधी ओळखतो. खोबरं नीट वाळलं नाही, सहा-सात टक्क्यांहून जास्त ओल राहिली, की बुरशी आणि जीवाणू कामाला लागतात. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर, जवळजवळ निम्मं. ते सुटलं की जिभेवर साबणासारखी चव येते. श्रावणात सारणाला काढलेला नारळ खवट निघाला की घरात जो आवाज चढतो तो मूळ लायपेजवर चढलेला असतो, ऐकून घेतो आणणारा. तिकडे राखेने पातेलं घासताना आई करत होती तेही रसायनशास्त्र थोडंफार याच वळणाचं. राखेतला क्षार चरबी फोडून तिचा साबण करतो. ती वरून फोडत होती, जीवाणू खालून फोडत होते, आणि दोघांची गाठ कधी पडली नव्हती.

मोरीच्या मातीतल्या एका जीवाणूने सगळ्यांत मोठं कडं पाडलं. घाण्याच्या मातीतल्यांना मागे टाकून. ग्रॅम रंजनात तो जांभळा निघाला, काडीच्या आकाराचा, आत बीजाणू धरलेला. म्हणजे बॅसिलस. प्राध्यापक जिंकले. आईला पहिल्या नंबराचाच आनंद झाला. तिने समोरच्यांकडे तो निकाल दुपारच्या आत पोहोचवला, अर्थात मोरीचा उल्लेख गाळून. प्रकल्प संपल्यावर ताटल्या ऑटोक्लेव्हमध्ये घालून आतलं सगळं मारून मगच टाकायचं असतं, हे कळल्यावर मात्र ती बिनसली. "पोटभर जेवायला घालून मारायचं?" पुतणीने समजूत काढली, की थोडे ग्लिसरॉलमध्ये घालून उणे वीस अंशांवर ठेवलेत, वर्षानुवर्षं राहतील. चरबी फोडून आयुष्यभर जे ग्लिसरॉल सोडलं त्यातच आता झोपलेत. आई म्हणाली, "पेन्शन म्हण."

आता पुतणीला पुढचं वेड लागलंय, गरम पाण्याच्या झऱ्यांचं. कारखान्यांना उष्णता सोसणारं लायपेज हवं असतं, आणि ते उष्णतेत राहणाऱ्याकडेच मिळणार. अमेरिकेत यलोस्टोनच्या झऱ्यात १९६०च्या दशकात थॉमस ब्रॉकना सापडलेल्या जीवाणूचं विकर आज जगभरच्या पीसीआर चाचण्यांत चालतं. आपल्याकडे लोणारच्या खाऱ्या, सामू दहाच्या आसपास असलेल्या सरोवरावर संशोधकांची ये-जा असतेच. आणि आमच्या जिल्ह्यात तर उन्हवरे, आरवली, राजवाडी, तुरळ, गरम पाण्याची कुंडं हारीने आहेत. तिथे आजवर फक्त गुडघे गेलेत, शास्त्र फारसं गेलेलं नाही, असं तिचं म्हणणं. तिला एकटीला जायचं होतं. पण गरम पाणी म्हटल्यावर आईचे गुडघे, वहिनीची कंबर आणि आप्पांचा खांदा एकदम जागे झाले, आणि रविवारी पहाटे सगळे सुमोत बसून हातखंब्याहून हायवेला लागलो. संगमेश्वर मागे पडेपर्यंत पुतणी एकच सूचना देत होती. मी नमुना घेईपर्यंत कोणीही पाण्यात उतरायचं नाही, पाय बुडवायचा नाही, साबण पिशवीतून काढायचा नाही, अंगाला तेल लावलेल्याने तर काठावरही यायचं नाही.

आप्पा खिडकीकडे बघू लागले. ते निघतानाच खांद्याला तेल चोळून आले होते.

तुरळला गाडी थांबली तेव्हा आईने ताबा घेतला. "आधी त्यांचं, मग आपलं. आप्पा, तुम्ही त्या झाडाखाली. आणि घावन्यांचा डबा मी सांगेपर्यंत कोणी उघडायचा नाही. एक थेंब सांडलात तर मेल्यांनो, तिकडचे सगळे आपलेच निघतील."